विश्लेषण : 'गद्दार' ठरवलेल्या क्वालियारेलाचे सत्य साडेसहा वर्षांनी कसे उलगडले?

इटलीच्या फाबियो क्वालियारेलाने सेरी आ या तेथील अव्वल लीगमध्ये १८२ गोल केले आणि वयाच्या ३६व्या वर्षी मोसमातील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. तरीही त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा प्रसंग मैदानाबाहेर घडला. नापोलीच्या चाहत्यांनी ज्याला गद्दार ठरवले, तो खेळाडू प्रत्यक्षात छळाचा बळी होता.

क्वालियारेला कोण?

जन्म ३१ जानेवारी १९८३, नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दि स्ताबिया या किनारी गावात. तोरिनोच्या युवा संघात तो घडला. मग अस्कोली, सॅम्पडोरिया, उडिनेसे असा प्रवास करत सेंटर फॉरवर्ड म्हणून त्याने नाव कमावले. लांबून, अवघड कोनातून, हवेतल्या हवेत चेंडू मारणे ही त्याची खासियत. २००९ मध्ये नापोलीने त्याला घेतले. लहानपणापासून ज्या संघावर जीव लावला, त्याच संघाची जर्सी अंगावर आली. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ११ गोल केले. घरचा मुलगा घरी परतला, अशी शहराची भावना होती.

मग 'गद्दार' का ठरला?

२०१० च्या विश्वचषकात स्लोव्हाकियाविरुद्ध इटली हरली आणि गटातच बाद झाली. त्या सामन्यात उत्तरार्धात उतरलेल्या क्वालियारेलाने अखेरच्या क्षणी अप्रतिम गोल केला आणि सामना संपताच मैदानावरच तो रडला. त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, तो युव्हेंटसकडे गेला. नेपल्समध्ये युव्हेंटस म्हणजे केवळ प्रतिस्पर्धी नव्हे. उत्तरेच्या श्रीमंतीबद्दल दक्षिणेच्या मनात असलेला सारा राग त्या एका नावावर निघतो. त्यामुळे 'पैशासाठी गेला' हा निकाल लगेच लागला. रस्त्यात शिव्या, स्टेडियममध्ये हुर्यो. क्वालियारेला गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यालाच कबुली मानले गेले.

पडद्यामागे काय घडत होते?

पासवर्डसंबंधीच्या एका साध्या अडचणीसाठी मित्रामार्फत त्याची ओळख 'पोस्टल पोलिसां'तील एका कर्मचाऱ्याशी झाली. इटलीत ऑनलाइन गुन्ह्यांचा तपास हेच दल करते. काम झाले, घरोबा वाढला. पुढे निनावी पत्रे आणि संदेश येऊ लागले. क्वालियारेलाचे अल्पवयीन मुलींशी संबंध आहेत, तो अमली पदार्थ घेतो, सामने निश्चित करतो, कामोरा या नेपल्सच्या गुन्हेगारी टोळ्यांशी त्याचे लागेबांधे आहेत, असे आरोप त्यांत होते. सगळेच खोटे होते. कुटुंबालाही धमक्या येत. ही निनावी पत्रे नापोली क्लबपर्यंतही पोहोचली होती, असे क्वालियारेलाने नंतर सांगितले.

घाबरलेला खेळाडू मदतीसाठी त्याच ओळखीच्या पोलिसाकडे जात राहिला. तो तक्रार लिहून घेई, धीर देई, 'तपास सुरू आहे, कोणाशी बोलू नका' असे बजावत असे. पत्रे पाठवणारा तोच होता! वडिलांना संशय आला. चौकशी केली तेव्हा कळले, की इतक्या तक्रारींपैकी एकही दाखलच झालेली नव्हती.

निकाल काय लागला?

पाठलाग करून छळणे हा इटलीत २००९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने त्या पोलिसाला चार वर्षे आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. त्यानंतरच क्वालियारेला जाहीरपणे बोलला आणि बोलताना त्याला अश्रू आवरले नाहीत. मधल्या काळात त्याने युव्हेंटसबरोबर तीन विजेतेपदे मिळवली होती. पण नापोलीविरुद्ध गोल केला, तर तो जल्लोष करत नसे. जानेवारी २०१६ मध्ये तोरिनोकडून खेळताना नापोलीविरुद्ध गोल केल्यावर त्याने नापोलीच्या प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली. त्यावर तोरिनोचे चाहते भडकले आणि काही आठवड्यांतच तो सॅम्पडोरियाकडे गेला. त्या जोडलेल्या हातांचा खरा अर्थ लोकांना वर्षभराने कळला.

पुढे काय झाले?

मनावरचा भार उतरला आणि पस्तिशीत खेळ बहरला, असे म्हणायला जागा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये नापोलीविरुद्धच टाचेने हवेतून मारलेला त्याचा गोल 'फिफा'च्या पुश्कास पुरस्काराच्या नामांकनांत पोहोचला. २०१८-१९ च्या मोसमात २६ गोल करून तो लीगमध्ये अव्वल ठरला. सलग ११ सामन्यांत गोल करून त्याने गाब्रिएल बातिस्तुताच्या विक्रमाशी बरोबरी केली. मार्च २०१९ मध्ये लिश्टनस्टाइनविरुद्ध दोन पेनल्टी गोल करून तो इटलीकडून गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू बनला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, चाळिशीत, त्याने निवृत्ती जाहीर केली.

या प्रकरणाचा धडा कोणता?

पहिला धडा यंत्रणेचा. तक्रार घेणारा, तपासणारा आणि 'तपास चालू आहे' असे सांगणारा माणूस एकच असेल, तर ती यंत्रणा नव्हे, ती एका माणसाची मर्जी. अशा व्यवस्थेत तो एक माणूस फिरला की सगळेच कोसळते. म्हणून तक्रार ओळखीच्या माणसाकडे दिली तरी तिचा क्रमांक आणि प्रत हातात हवी. ओळख ही पोच नव्हे.

दुसरा धडा आपला, म्हणजे मोबाइलवर बातमी वाचून मिनिटभरात मत देणाऱ्यांचा. खेळाडूने संघ सोडला, की कारण आपल्याला ठाऊक असल्याच्या थाटात आपण निकाल देतो. खरे कारण सांगण्याची त्याला मुभा नसेल, ही शक्यता कोणी विचारात घेत नाही. टीका करू नये असे नाही. खेळावर, चुकलेल्या पेनल्टीवर जरूर करावी. पण माणसाच्या इमानावर शेरा मारण्यापूर्वी थोडे थांबायला काहीच खर्च येत नाही.

निकालानंतर नापोलीच्या चाहत्यांनी स्टेडियममध्ये फलक झळकावला. त्याने सोसलेल्या नरकयातनांची आणि जपलेल्या प्रतिष्ठेची दखल घेत, त्याला पुन्हा या शहराचा मुलगा म्हटले होते. ही माफी मनापासूनची होती. पण नेपल्स सोडताना २७ वर्षांचा असलेला क्वालियारेला तोवर ३४ वर्षांचा झाला होता, आणि नापोलीची जर्सी त्याला पुन्हा कधीच घालता आली नाही.