रक्त देण्याआधी खरं सांगा!
रायगडच्या किनाऱ्यावरचे रक्तदाते, मंडळं आणि रुग्णांचे नातेवाईक यांना तातडीचं आवाहन

दहीहंडी, गणपती तोंडावर आले आहेत. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगावच्या मंडळांनी रक्तदान शिबिरांच्या तारखा धरल्या असतील. रक्त लागतंच. महामार्गावरचे अपघात थांबलेले नाहीत, बाळंतपणात अंगावरून जाणारं रक्त वेळकाळ बघत नाही, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी चढवावी लागते. पण हेच दिवस तापाचेही आहेत. हिवताप, डेंग्यू, लेप्टो घरोघरी येऊन जातात आणि ताप उतरला की माणूस ते विसरतो. म्हणून शिबिराच्या खाटेवर आडवं होण्याआधी हे वाचा, अशी कळकळीची विनंती.

मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. त्यातलं एक मूल दगावलं. ही लागण चढवलेल्या रक्तातून झाल्याचा आरोप झाला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. जी मुलं दुसऱ्याच्या रक्तावरच जगतात, त्यांच्या आईबापांनी यापुढे कोणाच्या भरवशावर पिशवीला हात लावायचा?

कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. तरीही काही रक्त चाळणीतून निसटू शकतं, कारण लागण झाल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, विषाणू अंगात असूनही चाचणी तो दाखवत नाही. नॅट नावाची चाचणी हा काळ कमी करते, पण पुरता संपवत नाही. शिवाय ती आपल्याकडे सक्तीची नाही आणि सगळीकडे होतही नाही. त्या दिवसांत रोग्याला वाचवू शकतो तो फक्त दाता, आणि तोही शिबिरातल्या अर्जावर खरं उत्तर लिहून. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या काढतात. म्हणजे एक खोटं उत्तर तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकतं.

तेव्हा तरुणांनो, अर्ज मित्राकडून भरून घेऊ नका. हिवताप होऊन तीन महिने झाले नसतील, डेंग्यूतून बरं होऊन सहा महिने झाले नसतील, विषमज्वर होऊन किंवा टॅटू काढून वर्ष झालं नसेल, तर यंदा थांबा. कावीळ झाली असेल तर कधी आणि कोणती, ते डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असतील तर त्यांचं पाकीट सोबत न्या. मागच्या रक्तदानाला पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवस होऊ द्यावेत. सर्वांत अवघड प्रश्न शरीरसंबंधांचा आणि सुईने घेतलेल्या नशेचा. तो चारचौघांत विचारला तर कोण खरं सांगेल? म्हणून मंडळांनी एवढं कराच: डॉक्टरांच्या टेबलाला पडदा लावा आणि आत एका वेळी एकच माणूस सोडा. जो रक्त न देता बाहेर येईल, त्याला कारण विचारू नका, त्याची थट्टा तर मुळीच करू नका. थांबणाऱ्यानेही एका अनोळखी रुग्णाची काळजीच घेतलेली असते.

मित्रांसमोर नाही म्हणता आलं नाही आणि रक्त देऊन झालं, तरी वेळ गेलेली नाही. त्याच दिवशी रक्तकेंद्राला फोन करून पिशवीचा क्रमांक सांगा आणि ‘माझं रक्त वापरू नका’ एवढंच म्हणा. दोन-चार दिवसांत ताप आला तरीही कळवा. एचआयव्हीची शंका मनात असेल तर ती फेडायला शिबिरात येऊ नका. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते.

भेटवस्तूंचं आमिष बंद करा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या एका शिबिरात दात्याला किलोभर चिकन किंवा पनीर देऊ केलं होतं. वस्तूसाठी आलेल्या माणसाने आपला आजार लपवण्याची शक्यता वाढते, हे जगभर मान्य झालेलं आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात बंद झालं.

आता नातेवाइकांसाठी. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत राहावी लागते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मुरूड, श्रीवर्धन भागात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रीज बंद पडला की पिशवी दिसायला तशीच राहते, आतलं रक्त मात्र बिघडत जातं. म्हणून रक्त नेताना रक्तकेंद्राने दिलेल्या शीतपेटीतच न्या आणि वाटेत पेटी उघडू नका. मासळीसारखी पिशवी थेट बर्फावर ठेवायची सवय इथे घातक ठरते, कारण गोठलं की पेशी फुटतात. प्लेटलेटना तर थंडीच चालत नाही, त्या २० ते २४ अंशांत ठेवतात. आगरदांड्याहून दिघीला फेरीने जाणार असाल तर आधी सुटण्याची वेळ विचारून घ्या आणि रुग्णालयाला कळवा. आणलेली पिशवी ताबडतोब परिचारिकेच्या हाती द्या, घरच्या किंवा दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवू नका.

चढवण्यापूर्वी लेबल पाहा: रुग्णाचं नाव, रक्तगट, मुदतीची तारीख, तपासणी झाल्याची नोंद. ही माहिती परिचारिकेसोबत केसपेपरशी जुळवून पाहायची विनंती करा. कोणी रागावलं तरी करा. पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. थंडी, ताप, कंबरदुखी, धाप, अंगावर पित्त किंवा लाल लघवी दिसली तर लगेच हाक मारा. अशा त्रासाची नोंद ठेवायला देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. तिथे कळवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरा.

मंडळांना शेवटची विनंती तारखेची. सगळी शिबिरं एकाच आठवड्यात आली तर पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट आणि ३५-४२ दिवस टिकणाऱ्या तांबड्या पेशी एकदमच मुदतीला येतात, आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत फळी रिकामी राहते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या किंवा आपल्या जवळच्या परवानाधारक रक्तकेंद्राला आजच फोन करा. कोणत्या आठवड्यात कोणत्या गटाचे किती दाते हवेत ते विचारा आणि शिबिराची तारीख त्यानुसार ठरवा.