विश्लेषण : थंडीत ई-कारची रेंज का घटते? सहलीआधी बॅटरीची तयारी कशी करावी?

डिसेंबरच्या सुट्टीत हिमाचलकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये आता ई-कारही दिसू लागल्या आहेत. चंदीगड ते मनाली अंतर सुमारे ३०० किलोमीटर. कंपनीने रेंज ४०० किलोमीटर सांगितली असेल, तर वाटेत चार्जिंगची गरजच काय, असा हिशेब सहज मांडला जातो. पण ही रेंज प्रयोगशाळेत, ठराविक तापमानात मोजलेली असते. घाटातले चढ आणि शून्याखालचा पारा त्यात धरलेला नसतो.

बॅटरीला थंडी का बाधते?

लिथियम-आयन बॅटरीत विजेचे वहन द्रावणातल्या आयनांमुळे होते. तापमान उतरले की द्रावण घट्ट होते, आयन संथ होतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. भारतातील अनेक ई-कारमध्ये असलेल्या एलएफपी प्रकारच्या बॅटरीला हा त्रास अधिक होतो. अतिथंड बॅटरी वेगाने चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचून क्षमता कायमची घटू शकते. त्यामुळे गाडीची यंत्रणाच चार्जिंगचा वेग कमी करते. ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही कमी होते.

हीटर किती वीज खातो?

पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिनसाठी फुकट मिळते. ई-कारमध्ये ती बॅटरीतूनच घ्यावी लागते. बॅटरी ४० युनिटची आहे आणि हीटर सरासरी ३ किलोवॅट वीज घेतो, असे धरू. बर्फात चार तास कोंडी झाली, तर १२ युनिट, म्हणजे ३० टक्के बॅटरी गाडी जागची न हलता संपेल. ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बर्फवृष्टीमुळे सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो वाहने तासन् तास अडकली होती.

निघण्यापूर्वी काय करावे?

- मुक्कामी पोहोचल्यावर बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावावी. फास्ट चार्जिंगही प्रवासाच्या शेवटी करावे, पहाटे गारठलेल्या बॅटरीवर नको.
- चार्जिंग निघण्याच्या थोडे आधी पूर्ण होईल अशी वेळ लावावी. चार्जिंगमुळेही बॅटरी उबदार राहते.
- प्लग काढण्यापूर्वी अर्धा तास केबिन गरम करून घ्यावी. ती वीज बॅटरीऐवजी थेट प्लगमधून येते.
- बॅटरी आधीच गरम करण्याची सोय असलेल्या अनेक गाड्यांत, नॅव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशन टाकल्यास ती सुरू होते.
- तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवा एक पीएसआयने कमी होते. सकाळी टायर थंड असताना ती तपासावी.
- सीट हीटर असल्यास तो वापरावा, तो केबिन हीटरच्या तुलनेत फार कमी वीज घेतो.
- बर्फाच्या पट्ट्यात शिरताना निम्म्याहून अधिक चार्ज हाताशी ठेवावा.

सगळी जबाबदारी चालकाचीच का?

थंडीत ई-कार चालतच नाहीत, हा समज चुकीचा आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहापैकी जवळपास नऊ नव्या कार विजेवरच्या होत्या. तिथली मोटारचालकांची संघटना दर हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर, बॅटरी संपेपर्यंत पळवते आणि कोणाची रेंज किती घटली ते जाहीर करते. ग्राहक तो आकडा पाहून गाडी निवडतो.

भारतात मात्र खरेदीदाराच्या हाती एकच मोठा आकडा येतो. शून्य अंशाला गाडी किती धावेल, हे कंपन्यांनी माहितीपत्रकात छापायला हवे. बॅटरी आधी गरम करण्याची सोय आहे की नाही, हेही शोरूममध्येच सांगायला हवे. डोंगरातल्या हॉटेलांनी पार्किंगमध्ये १५ अँपिअरचे सुरक्षित, अर्थिंग असलेले प्लग बसवले, तरी आठ तासांत २० युनिटपेक्षा जास्त वीज भरता येते. हा खर्च मोठा नाही. तो होईपर्यंत खोली आरक्षित करतानाच ‘रात्री गाडी चार्जिंगला लावता येईल का?’ हे फोनवर विचारून घेणे शहाणपणाचे.