थंडीला दारू म्हणणारे आपण

डिसेंबर आला की आमच्या खान्देशात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे भरीत पार्ट्या, आणि दुसरी, पेपरात शेकोटीचा फोटो अन् वर ‘हुडहुडी’ असा मथळा. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात, "मजा आहे बुवा तुमची!" मंडळी, मला या मजेबद्दलच भांडायचं आहे.

माझे मामा धुळे तालुक्यात शेती करतात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. थ्री फेज वीज रात्रीची, म्हणून गव्हाला पाणीही रात्रीच. पहाटे चारला ते बांधावर बसलेले सापडले. कपडे ओले, जीभ जड, हातात बॅटरी धरवेना. उठवलं तर झोकांड्या. "मी बरा शे" एवढंच पुन्हा पुन्हा. शोधायला गेलेल्यांनी निदान करून टाकलं, "घेतलेली दिसते!" त्यात एकाने अंगात गरमी यावी म्हणून बाटली पुढे केली. मामांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. नशीब, मामी वेळेवर पोचली.

याला हायपोथर्मिया म्हणतात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली जाणं. त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. ओले कपडे आणि वारा पुरतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. आधी माणूस कुडकुडतो. ते चांगलं, स्नायू उष्णता तयार करत असतात. मग मेंदू मंदावतो, बोलणं अडखळतं, तोल जातो. आणखी खाली, ३२ अंशांच्या आसपास, कुडकुडणंच थांबू लागतं. आपल्याला वाटतं, बरं वाटतंय त्याला. खरा धोका तिथून पुढे. आणि दारू? तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

अशा वेळी ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, आधी छाती-पोट ऊबदार करा. हातपाय चोळू नका. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता माझा राग ऐका. आमच्या जळगावच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं की भरपाईचा निकष लागू होतो. चांगलंच आहे, केळीला थंडी बाधते हे सरकारला मान्य आहे. पण त्याच शेतात रात्री चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला किती अंशांवर थंडी बाधते, हा आकडा कुणी ठरवला?

दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती जिथे पोचली तिथे आनंद आहे. पण जिथे रात्रीची पाळी अजून आहे, तिथे ‘शेतकरी काटक असतो’ हे कौतुक कृपा करून थांबवा. काटक माणसाचं रक्तही गार पडतं.

असो. भरीत पार्टीला जरूर या. फक्त येताना रस्त्यात कुणी पहाटे झोकांड्या खाताना दिसला, तर नाक मुरडण्याआधी त्याचे कपडे ओले आहेत का, एवढं बघा.