मुंबईची मजुरी जास्त का? 'स्वस्ताई'च्या उत्तरापलीकडे

१/ एकाच देशात, एकाच कामाची मजुरी मुंबईत एक, सोलापुरात दुसरी आणि कोकणातल्या खेड्यात तिसरी. असे का? 'तिकडे राहणे स्वस्त' हे ठरलेले उत्तर. माझ्या मते ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे गिरण्यांच्या इतिहासात सापडते. #धागा

२/ कावसजी दावर यांची गिरणी मुंबईत १८५६ मध्ये सुरू झाली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली. सोलापूरही गिरणगाव झाले. चात्या-माग तसेच, कापूस जवळच. तरीही १९२०-३० च्या काळात मुंबईची मजुरी या दोन्ही शहरांपेक्षा वरचढ होती. मुंबईची महागाई हे त्याचे एक कारण, हे मान्यच.

३/ पण हा कामगार आला कोठून? मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून. तेथे पाऊस उदंड, सपाट जमीन थोडी आणि तीवर खोतांचा अधिकार. कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. गावात 'नाही' म्हणायचे, तर जायचे कोठे? मुंबई हे त्याचे उत्तर होते.

४/ मग इतके लोक गेल्यावर दोन्हीकडची मजुरी समान का झाली नाही? कारण जाणारा बहुधा एकटा पुरुष असे. शेत, मुले, म्हातारी माणसे बायकोच्या माथी. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण हा सारा भार गाव वाही. मुंबईहून मनीऑर्डर येई; पण गावातल्या त्या बिनपगारी श्रमाची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नव्हती.

५/ शहरात मात्र संघटना उभी राहिली. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन बलाढ्य झाली. गावाशी असलेले नाते ही कामगाराची दुर्बलता नव्हती, संपकाळातला तो आधार होता, हे राजनारायण चंदावरकर यांचे प्रतिपादन मला पटते.

६/ आता उलट बाजू पाहा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर विस्तारली, वि. स. पागे तिचे शिल्पकार. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला. गाव न सोडता मजुराला दुसरे दार मिळाले. या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, हे विसरू नये.

७/ आजही किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार बदलतात आणि समर्थन तेच: स्वस्ताई. परंतु औषधाची गोळी आणि डिझेल खेड्यात स्वस्त मिळत नाही. शिवाय एखादा प्रदेश स्वस्त असतो, तो काही अंशी तेथल्या माणसांच्या हाती पैसा कमी असतो म्हणूनच.

८/ म्हणून मजुरीतला फरक दिसला की 'तेथे जगायला किती लागते?' एवढेच विचारून थांबू नये. 'तेथल्या मजुराने नकार दिला, तर त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती?' हेही विचारावे. माझ्या मते मजुरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या नकाराच्या ताकदीचा इतिहास आहे. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.