दोष सुताचा नाही

‘सुती हाय, रंग तं जाईनच.’ खामगावात हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. गेल्या वर्षी एक सुती ओढणी घरीच लाल रंगवली. दुकानदाराने पुडी देताना सांगितलं, ‘कोन्त्याबी कापडाले चालते.’ रंग पक्का व्हावा म्हणून रीलमध्ये पाहून मीठ आणि व्हिनेगरही घातलं. दुसऱ्या धुण्यात ओढणी फिकट गुलाबी झाली आणि सोबतची आईची पांढरी साडीही. आई पुन्हा तेच बोलली.

माझा राग पुडीपेक्षा त्या वाक्यावर जास्त आहे. कापसासाठी ज्या गावात १८७० साली रेल्वे आली, तिथे आपण कापसालाच बदनाम करतो.

व्हिनेगर म्हणजे आम्ल. लोकर आणि रेशीम रंगवताना त्याचा उपयोग होतो, कारण ते धागे प्रथिनांचे असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. तिथे आम्लाचं काही चालत नाही. साधे डायरेक्ट रंग धाग्याला नुसते धरून बसतात आणि धुण्यागणिक थोडे थोडे सुटतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. ते १९५६ पासून बाजारात आहेत! त्यांना लागतो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. आपल्या लोणार सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे ते याच्यामुळेच. (तिथून आणू नका, किराणा दुकानात मिळतो.) मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, पक्का करतो तो सोडा.

‘मग नैसर्गिक रंग वापर ना,’ असं मैत्रिणी म्हणतात. जरूर वापरा, पण बीट उकळून नव्हे. बीट सुतावर टिकत नाही, हळद उन्हात उडते. जुने रंगारी आलाच्या मुळांचा लाल चढवण्याआधी कापडाला हिरडा आणि तुरटी द्यायचे. नैसर्गिक रंगालाही शास्त्र लागतं, नुसता भाबडेपणा पुरत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा न चिकटलेला भाग मिठासकट सांडपाण्यात जातो. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी आधीच खारं आहे. म्हणून रंग मोजून घ्या आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. पण कच्चा रंगही शेवटी मोरीतच जातो, फक्त हप्त्याहप्त्याने.

पॉलिस्टर चमकतं, कारण कारखाना त्याला त्याचाच रंग देतो, तोही भरपूर उष्णता देऊन. कापसाला मात्र आपण हाती येईल तो रंग फासतो, तो गेला की कापसाला नावं ठेवतो आणि पुढच्या वेळी पॉलिस्टर घेतो. नुकसान होतं ते कापूस पिकवणाऱ्या आपल्याच घरांचं.

पुढच्या वेळी पुडी घेताना एवढंच विचारा, ‘हा रिअ‍ॅक्टिव्ह आहे का?’ उत्तर ‘कोन्त्याबी कापडाले चालते’ असं आलं, तर पुडी परत ठेवा.