पाळलेले मासे नदीत सोडू नका

भीमेच्या खोऱ्यातील नागरिक, मत्स्यविक्रेते, गळकरी, मच्छीमार व संबंधित अधिकारी यांस जाहीर पत्रक



उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना, बदलीच्या ठिकाणी बिऱ्हाड हलविताना, किंवा टाकीचे पाणी वरचेवर बदलण्याचा कंटाळा आला म्हणून, घरातील काचेच्या टाकीत वाढविलेले मासे जे लोक पुलावरून नदीत अथवा जवळच्या तलावात सोडून देतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात कोणाचे वाईट करावे असा हेतू लवमात्र नसतो, किंबहुना एका मुक्या जिवाला आपण बंदिवासातून मोकळे केले या समाधानात ते घरी परततात, हे आम्ही पूर्णपणे जाणतो. आणि अशा सहृदय माणसांना खरी हकीकत कळली तर ती माणसे हे कृत्य पुन्हा करणार नाहीत, असा आमचा विश्वास असल्यामुळेच हे पत्रक आम्ही प्रथम त्यांच्या हाती देत आहोत.

पुण्यात मुठेच्या पाण्यात जे पडते ते पुण्यात राहत नाही. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत जाते, भीमा उजनीच्या अफाट जलाशयात शिरते, तेथून सुटलेले पाणी पंढरपुरास चंद्रभागा होऊन वाळवंटाशेजारून वाहते, आणि पुढे कर्नाटकात रायचूरच्या बाजूस कृष्णेत विलीन होते. एका सदनिकेच्या दिवाणखान्यातील कोपरा रिकामा करण्यासाठी केलेली क्षुल्लक वाटणारी कृती अशा रीतीने दोन राज्यांच्या पाण्याचा प्रश्न होते, आणि तिचे मोल ज्याने ती टाकी कधी पाहिलीही नाही अशा उजनीकाठच्या मच्छीमाराला भरावे लागते. 1980 साली धरण पुरे झाले तेव्हा ज्यांची घरेदारे आणि काळ्या मातीची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याच पाण्यावर होडी घालून पोट भरण्याचा मार्ग धरला. पळसदेवच्या प्राचीन मंदिराचे शिखर उन्हाळ्यात पाण्यावर आले की आपले जुने गाव कोठे होते हे या मंडळींना अजून बोटाने दाखविता येते. एकदा सर्वस्व दिलेल्या या लोकांवर आपल्या हौसेचा हा दुसरा भार घालण्याचा अधिकार शहरातील माणसाला कोणी दिला?

या भाराचे सर्वांत ढळढळीत उदाहरण म्हणजे सकर. दुकानदार हा मासा ‘काच साफ करणारा’ म्हणून विकतो, आणि बोटाएवढा असताना तो टाकीच्या काचेवरील शेवाळ खातो हे खरेही आहे. परंतु हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी असून पुरा वाढला म्हणजे हातभर लांब होतो, हे विकताना कोणी सांगत नाही, आणि तो टाकीत मावेनासा झाला की त्याची रवानगी नदीत होते. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कठीण तकटे असतात आणि परांच्या अग्रभागी जाड काटे असतात, जे संकटाच्या वेळी ताठ उभे राहून अडकून बसतात. त्यामुळे जाळ्यात सापडलेला सकर सोडविताना मच्छीमाराला बहुधा जाळेच कापावे लागते, आणि त्याचे हात रक्तबंबाळ होतात ते वेगळेच. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. त्याच्या कठीण कवचामुळे त्याला गिळणारा शत्रू येथील पाण्यात जवळजवळ नाही. प्राणवायू संपलेल्या सांडपाण्यात आपले देशी मासे तडफडून मरतात, तेव्हा हा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, जठरावाटे तिच्यातील प्राणवायू घेतो आणि सुखाने जगतो. पाण्याबाहेर काढला तरी कित्येक तास त्याचा जीव जात नाही. अंडी घालण्यासाठी तो काठाच्या मातीत हात-दोन हात खोल बिळे कोरतो आणि नर त्या बिळांवर पहारा देतो, त्यामुळे काठ पोखरले जाऊन ढासळतात. नद्यांचे पाणी आपण आधीच नासवून ठेवले आहे, आणि त्या नासलेल्या पाण्यात तग धरणारे प्राणी आपणच आणून सोडत आहोत. या दोन अपराधांचा परस्परांशी असलेला संबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे.

ज्यांना हे सारे दूरचे वाटत असेल त्यांनी मुळा-मुठेवरील जलपर्णीकडे पाहावे. तीही दक्षिण अमेरिकेतीलच, तीही एकोणिसाव्या शतकात निळ्या-जांभळ्या फुलांच्या मोहाने बागेतल्या हौदांची शोभा म्हणून या देशात आली, आणि आज दरवर्षी ती काढण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा खर्च होतो, तरी पुढच्या वर्षी ती असतेच.

आता भूतदयेविषयी. टाकीतील सोनमासा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून दाणे खाऊन वाढलेला असतो. त्याचा झळझळीत रंग त्याला लपू देत नाही, त्याच्या लांब शेपटीने त्याला पळता येत नाही, आणि नदीत पडल्यावर तो खंड्याच्या किंवा वंचकाच्या चोचीत जातो, अथवा उपासमारीने व रोगाने हळूहळू मरतो. मरण्यापूर्वी तो आपल्या अंगावरील परजीवी त्या पाण्यातील निरोगी माशांना देऊन जातो. जो मरत नाही, जो सकरासारखा किंवा आफ्रिकन मांगुरासारखा चिवट असतो, तो दुसऱ्यांना मारतो. म्हणजे सोडण्याच्या या कृतीत कोणत्याही बाजूने पाहिले तरी दया सापडत नाही, आणि आमचे मत आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो की, ज्याला मासा पाळणे खरोखरच अशक्य झाले आहे आणि ज्याला तो घेणारा कोणीही मिळत नाही, त्याने पशुवैद्याला विचारून लवंगेच्या तेलाच्या योग्य मात्रेने त्या माशाला बधिर करून वेदनारहित मरण द्यावे. ते कठीण वाटेल, मुलांना समजावून सांगणे त्याहून कठीण वाटेल, परंतु आपण आणलेल्या जिवाची जबाबदारी शेवटपर्यंत आपलीच आहे, आणि ती नदीच्या गळ्यात बांधून निघून जाणे हा धर्म नव्हे.

केवळ हौशी माणसाला दोष देऊन आम्ही थांबणार नाही, कारण या मार्गावरून पहिली पावले सरकारनेच टाकली. स्वस्त अन्न मिळावे या सद्हेतूने 1952 साली आफ्रिकेतील टिलापिया, ज्याला उजनीकाठी चिलापी म्हणतात, या देशात आणण्यात आला. अवघ्या सात वर्षांत, 1959 साली, देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली, पण तोवर तो पाण्यात गेला होता, आणि पाण्यात गेलेल्या माशाला कोणताही हुकूम लागू होत नाही. आपले देशी मासे मृगाचा पाऊस पडून नद्यांना पूर आला की चढणीला लागतात आणि वर्षातून त्या एका हंगामात प्रजनन करतात. धरणाने ती वाट अडविली की त्यांचा वंश तेथेच खुंटतो. चिलापीला चढण लागत नाही, साचलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि मादी ती अंडी तोंडात धरून राखते, तेव्हा या विषम स्पर्धेचा निकाल काय लागणार हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नव्हती. हिमाचलातील गोविंदसागरात 1971 साली मत्स्यकेंद्रातून अपघाताने सुटलेल्या चंदेरी कार्प माशांनी काही वर्षांत तो जलाशय व्यापला आणि तेथील कटला मागे रेटला गेला. आफ्रिकन मांगूर तर या देशात चोरवाटेने आला. 2000 साली केंद्र शासनाने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, आणि तरीही त्याच्या बेकायदा तळ्यांवर पंचनामे व जप्त्या करण्याची वेळ भीमेकाठच्या तालुक्यांत पुढे कित्येक वर्षांनी आली, इतकी अंमलबजावणी ढिली राहिली. कत्तलखान्यातील घाण खाऊन माजलेला हा मांसाहारी मासा एकदा तळ्याचा बांध ओलांडून ओढ्यात गेला की जवळपासच्या मरळीच्या आणि वामींच्या पिलांची धडगत नसते.

यावर एक आक्षेप आम्हांला वारंवार ऐकावा लागतो, आणि तो खोटा नाही. उजनीच्या मच्छीमाराची चूल आज पुष्कळशी चिलापीवरच पेटते, ती गरिबाला परवडते, आणि तिला वाईट म्हणणारी शहरी मंडळी त्या चुलीचा विचार करीत नाहीत, असे लोक म्हणतात. आमचे उत्तर असे की, चिलापी धरावी, विकावी, पोटभर खावी. जी आली ती आता जाणार नाही, आणि तिच्यावर जगणाऱ्या माणसाकडे बोट दाखविण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. परंतु एका आगंतुकाने चूल पेटते म्हणून दहा आगंतुकांना दार उघडे ठेवावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही; उलट ज्या मच्छीमाराजवळ शिवडा, मरळ, वाम, शिंगाळा, महाशीर अशी नाना प्रकारची मासळी होती तो आता एकाच माशाच्या भावावर अवलंबून राहिला आहे, आणि त्या माशावर उद्या रोग आला तर त्याच्यापाशी दुसरे काही उरणार नाही, ही त्या आक्षेपातूनच दिसणारी भीती आहे.

आणि परका कोण, याविषयीही आपली समजूत स्वच्छ असावी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात सापडलेल्या माशांवरून दख्खनच्या महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन 1839 साली प्रसिद्ध केले, म्हणजे हा मासा आपल्या नदीचा, आपल्या खोऱ्याचा, यात शंका नाही. हा महाशीर नामशेष होऊ नये म्हणून लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970 नंतरच्या दशकात त्याची कृत्रिम पैदास करण्याचे मोठे काम झाले, आणि तेथील बोटुकली दूरदूरच्या नद्यांना पाठविण्यात आली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. आज तो अतिसंकटग्रस्त ठरला असून त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत आपल्या महाशीराच्या तेथील आगमनाची गणना अभ्यासक करतात. आपल्या नदीत जो घरचा, तो दुसऱ्याच्या नदीत घुसखोर ठरला, आणि तोही उत्तम हेतूने नेलेला. गंगेच्या खोऱ्यातील रोहू आणि मृगळ यांनी दख्खनचे तलाव भरून काढताना आपण ही तपासणी कधी केली नाही. देशाची सरहद्द माशाला कळत नाही. त्याचा मुलूख म्हणजे त्याचे खोरे, आणि खोऱ्याबाहेरचा प्रत्येक मासा, तो परदेशातला असो वा शेजारच्या प्रांतातला, तपासल्यावाचून पाण्यात जाऊ नये, हे सूत्र आता सरकारी दप्तरात पक्के व्हावयास हवे.

पाण्यातील जिवाविषयी श्रद्धा बाळगण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे, महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत, देवाचे म्हणून मासे राखले गेले आहेत. त्या डोहांत कोणी जाळे टाकीत नाही, कोणी गळ लावीत नाही, आणि मोठमोठे महाशीर भाविकांच्या हातच्या दाण्यांसाठी निर्भयपणे काठाशी येतात. ज्यांना पुण्य जोडावयाचे आहे त्यांनी त्या डोहांचा मान राखावा, तेथे प्लास्टिक टाकू नये, वरच्या अंगाला वाळूउपसा होऊ देऊ नये. बाजारातून विकत आणलेला मासा किंवा लाल कानाचे परदेशी कासव देवळाच्या तळ्यात सोडून जे मिळते ते पुण्य नव्हे, आणि हे सांगण्याचे धैर्य देवस्थानच्या विश्वस्तांनी व पुजाऱ्यांनीही दाखवावे, अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे.

नगरपालिकांनाही एक शब्द. डासांच्या बंदोबस्तासाठी विहिरींत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडण्याची चाल फार जुनी आहे, पण गप्पीही दक्षिण अमेरिकेतीलच. बंदिस्त हौदात ते ठेवल्याने फारसे बिघडत नसेल. मात्र ओढ्यात, नाल्यात आणि वाहत्या पाण्यात ते सोडण्याचे काम ताबडतोब थांबवावे, आणि डोक्यावर चकाकणारा ठिपका असलेला जो इवलासा देशी मासा डासांच्या अळ्या तितक्याच आवडीने खातो, त्याची पैदास करण्याची तजवीज करावी.

दुकानदारांनी सकर, गार, मांगूर यांसारखे मोठे वा हिंस्र होणारे मासे विकणे बंद करावे, आणि विकलेला कोणताही मासा परत घेण्याचे आपणहून मान्य करून तशी पाटी दुकानात लावावी. गिऱ्हाइकाला पूर्ण वाढीचा आकार सांगितल्यावाचून विक्री करणे हा आमच्या मते कसूर आहे. गळकऱ्यांनी एका तलावातील जिवंत आमिष दुसऱ्या तलावात नेऊ नये आणि उरलेले आमिष पाण्यात ओतू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, विक्री, बाळगणूक व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला आहे. तो अधिकार सकराच्या बाबतीत वापरावा, अशी मागणी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने लेखी करावी, आणि सकरामुळे फाटलेल्या जाळ्यांचे पंचनामे करून मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना नुकसानभरपाई देण्याचा मार्ग खुला करावा.

मच्छीमार बांधवांना शेवटी एवढेच कळवावयाचे की, जाळ्यात आलेला सकर वा मांगूर संतापाने काठावर फेकून देऊ नये, कारण तो तेथून सरपटत पुन्हा पाणी गाठू शकतो; तो मारावा, पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरावा, आणि कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या दिवशी, किती सापडले याची नोंद आपल्या संस्थेच्या वहीत करावी, म्हणजे भरपाईचा अर्ज करताना पुरावा हाताशी राहील.