अंदाजपत्रकाच्या आधीचे काम

फाल्गुन सरत आला की उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरू लागते आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या काठावर दरवर्षीचे एक काम सुरू होते. पाणी जसजसे मागे हटते, तसतसा शेतकऱ्यास आपला विद्युतपंप पुढे न्यावा लागतो. पाईप जोडावे लागतात, केबल वाढवावी लागते, गाळातून चारी खणून पाणी पंपापर्यंत आणावे लागते. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. पाणी त्या मृतसाठ्यात उतरले म्हणजे काठ फार दूर जातो. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. ते पाहावयास लांबून लोक येतात. ज्या गावाने धरणासाठी आपले जुने गावठाण पाण्याखाली दिले, त्या गावातील शेतकऱ्याचे लक्ष मात्र मंदिराकडे नसून आपल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हकडे असते.

या अडचणीवर उपाय काय, असे विचारले असता ज्याच्या त्याच्यापाशी उत्तर तयार असते. कोणी ठिबक सिंचन सांगतो, कोणी नवे रोहित्र मागावयास सांगतो, कोणी सामुदायिक उपसा योजनेचे अंदाजपत्रक करण्यास सुचवितो. यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. परंतु प्रश्न नेमका कोणाचा आणि तो कोठे टोचतो, हे पाहण्यापूर्वीच उत्तर दिले जाते. आणि मग योजना कागदावर पूर्ण होते व पंप काठावरच राहतो.

अशा कामाची एक रीत अलीकडे ‘डिझाइन थिंकिंग’ या नावाने सामाजिक संस्थांत बरीच बोलली जाते. २००९ साली आयडिओ या अमेरिकन संस्थेने स्वयंसेवी संस्थांसाठी या रीतीची एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिचा विशेष प्रसार झाला. रीत थोडक्यात अशी : ज्याची अडचण आहे त्याच्याबरोबर राहून ती पाहावी, मग प्रश्न त्याच्या शब्दांत मांडावा, अनेक उपाय सुचू द्यावेत, त्यांतील एखादा स्वस्तात, कच्च्या स्वरूपात करून पाहावा, आणि तो वापरणाऱ्याच्या हाती देऊन, काय बिघडते ते पाहून पुन्हा दुरुस्त करावा. नाव परके आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही, आणि नवे आहे म्हणून भाळण्याचेही नाही.

कारण विस्तारकार्याचा जन्मच मुळी या विचारातून झालेला आहे. न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी व नगररचनाकार अल्बर्ट मेयर हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर भारतात आले होते. पंडित नेहरूंशी झालेल्या परिचयातून १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, महेवा येथे, त्यांच्या मार्गदर्शनाखाली पथदर्शक प्रकल्प सुरू झाला. (चंदीगडचा पहिला आराखडाही याच मेयरांनी केला होता.) गावकऱ्यांना स्वतःला जाणवणारी गरज आधी ओळखावी, तिच्यापासून आरंभ करावा, आणि एकाच गावपातळीवरील कार्यकर्त्याने अनेक खात्यांचे काम गावाच्या बाजूने पाहावे, हा त्या प्रकल्पाचा गाभा होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेने ग्रामसेवक घेतला तो तेथून. मात्र वास्तुशिल्प्याची ती पाहण्याची सवय तिने कितपत घेतली, याविषयी शंका आहे. पाचच वर्षांनी, १९५७ साली, बळवंतराय मेहता समितीने या योजनेस लोकांचा पुढाकार जागविता आला नाही असाच निष्कर्ष काढला. कार्यकर्ता गावात पोहोचला, परंतु त्याच्या हाती उद्दिष्टांचा तक्ता होता. तो तक्ता आजही त्याच्या हातातून सुटलेला नाही.

पुणे जिल्ह्यातच या रीतीचे एक उत्तम उदाहरण घडून गेले आहे, जरी त्या वेळी तिला हे नाव कोणी दिले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातील कारखानदार व अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात फिरून लोकांची स्थिती पाहिली. त्यानंतर नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. तेथे बांधबंदिस्ती केली, पावसाचे पाणी अडविले, पाझर तलावाच्या खाली विहीर घेतली आणि तिचे पाणी वर उचलून पिके घेऊन पाहिली. शेजारच्या शेतकऱ्यांना त्यांनी व्याख्यान दिले नाही, शेत दाखविले. त्यातून पाणी पंचायतीची कल्पना आकारास आली. यंत्रे आणि पाईप यांपेक्षा तिचे नियमच अधिक विचार करण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावे : दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही पाण्याचा वाटा असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभा करावा, आणि पाणी वाटण्यास गटाचा स्वतःचा पाटकरी असावा.

सर्वच योजना पुढे टिकल्या असे नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साळुंखे यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे. तरीही त्यांनी सर्वाधिक काळजीपूर्वक रचले ते यंत्र नव्हे, तर वाटणी.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे मेंढ्यांवरील कार्यही याच दृष्टीने पाहता येईल. सुंदरबनातील गारोळे ही लहान चणीची मेंढी एका वेतात बहुधा दोन कोकरे देते. तिचा तो आनुवंशिक गुण दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ सिद्ध केली. पण काम तेथे संपले नाही. या मेंढ्या परिसरातील मेंढपाळांच्या कळपात देऊन तेथे त्यांची पाहणी करण्यात आली. जुळी कोकरे म्हणजे उत्पन्न दुप्पट, हा हिशेब वाड्यावर बसून सोपा वाटतो. चाऱ्यामागे गावोगाव हिंडणाऱ्या धनगरास ती कोकरे जगवावयाची असतात, मेंढीस पुरेसे दूध येण्यासाठी जादा खुराक द्यावयाचा असतो. हे प्रक्षेत्रावर कळत नाही, कळपामागे चालल्यावरच कळते.

आता पुन्हा पळसदेवकडे वळावे. समजा, कृषी विभागाच्या कार्यकर्त्याने अथवा एखाद्या संस्थेने येथे या रीतीने काम करावयाचे ठरविले. मग त्याने प्रथम काठावर जावे, आणि तेही केवळ दिवसा नव्हे. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येत असेल तर त्या रात्री जावे. मोटार कोण सुरू करतो, चिखलातून कोण उतरतो, केबल चोरीस जाऊ नये म्हणून कोण राखण करतो, आणि त्या रात्री घरी एकट्या राहणाऱ्या बाईचे म्हणणे काय, हे नोंदवावे. ज्याचा पंप आहे तेवढ्यानेच प्रश्न संपत नाही. मासेमाराचे जाळे याच पाईपांत व केबलींत अडकते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर डोळा ठेवून बसलेला भूमिहीन मजूर याच काठावर असतो. शेतकऱ्याचे ओसरलेले पाणी ही त्याची सुगी असते. एकाच काठावर तीन माणसे तीन प्रश्न घेऊन उभी आहेत, हे कार्यालयातील नकाशात दिसत नाही.

समजा, यांच्याच बोलण्यातून अशी कल्पना निघाली की, शेजारच्या आठ-दहा जणांनी रिकाम्या पिंपांचा तराफा करून पंप त्यावर ठेवावेत, म्हणजे पाण्याबरोबर पंपही खाली जाईल व मासेमारांसाठी एक वाट मोकळी राहील. तर लगेच शंभर तराफ्यांचा प्रस्ताव करू नये. एकच करावा, मिळतील त्या पिंपांचा व बांबूंचा, आणि एक हंगाम पाहावा. वाऱ्याने लाटा उठतात तेव्हा तो डुलतो का, पंपाच्या धक्क्याने जोड निसटतात का, पाण्यावरील विजेच्या केबलीपासून धोका होऊ नये म्हणून काय करावे लागते, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणी करावयाची. विजेची बाब असल्याने वायरमनच्या देखरेखीवाचून हा प्रयोग मुळीच करू नये. तराफा फसला तर तो फसल्याचे स्वच्छ लिहून ठेवावे. आपल्या मासिक अहवालात ‘साध्य’ या मथळ्याचा रकाना असतो, ‘फसले’ या मथळ्याचा नसतो. त्यामुळे एका गावात फसलेला प्रयोग पुढच्या गावात नव्या उत्साहाने पुन्हा फसविला जातो.

तथापि तराफा यशस्वी झाला, तर खरी अडचण तेथूनच सुरू होईल. आज पंप हलविण्याच्या कष्टामुळे उपशाला आपोआप थोडा लगाम बसतो. तो कष्ट गेला की उपसा वाढेल, त्याबरोबर उसाचे क्षेत्र वाढेल, आणि जलाशय अधिक लवकर मृतसाठ्यात जाईल. पाणी अतोनात दिलेल्या भारी जमिनी क्षारांनी कशा खराब होतात, हे कालव्याखालच्या गावांना सांगावे लागत नाही. शिवाय हे पाणी एकट्या पळसदेवचे नाही; खाली सोलापूर जिल्हा त्याची वाट पाहत असतो, आणि टंचाईच्या वर्षी काठच्या पंपांची वीज कमी करण्याचे आदेश निघतात ते त्यामुळेच. वापरणाऱ्याची सोय झाली म्हणजे प्रश्न सुटला, अशी जी समजूत या नव्या रीतीच्या प्रचारात आढळते, ती येथे पुरी पडत नाही. वापरणारे अनेक असून वस्तू मर्यादित असते, तेव्हा मर्यादा कोणी सोसावयाची हेही रचनेतच यावयास हवे. नायगावने ते आधी ठरविले. पळसदेवच्या काठावर पिंपे बांधण्यापूर्वी, एका तराफ्याने किती तास उपसावे, त्याखाली ऊस किती आणि भुसार किती, व गाळपेरीचा पहिला हक्क कोणाचा, हे त्या आठ-दहा जणांनी मासेमार व मजूर यांच्यासमक्ष लिहून घेणे जरूर आहे.

हे सारे चैत्रात हाती घेऊन भागणार नाही. तेव्हा पाणी मागे धावत असते आणि कोणास बसून बोलण्याची उसंत नसते. जलाशय तुडुंब असतो, पंपाची काळजी नसते, अशा मार्गशीर्ष-पौषात पहिली बैठक घ्यावी. ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात न घेता काठावर, सकाळी मासेमारांच्या होड्या परतल्यानंतर घ्यावी, आणि अंदाजपत्रकाचा कागद त्या दिवशी सोबत नेऊ नये.